इसाकाबा: चित्र पुसट, सॅम डेडे खणखणीत

नायजेरियाचे जुने व्हिडिओपट बघायचे असतील तर ‘इसाकाबा’पासून सुरुवात करायला हरकत नाही. 2000-01च्या सुमाराचा हा चित्रपट चार भागांत आहे आणि दिग्दर्शक आहेत लान्सलॉट ओडुवा इमासुएन. ‘बकासी’ हे नाव उलटं वाचलं की शीर्षकाचा उलगडा होतो. आबा शहरातल्या व्यापाऱ्यांनी दरोडेखोरांविरुद्ध उभं केलेलं ‘बकासी बॉइज’ हे पथक यामागे आहे.

आधी चित्राबद्दल. ऑनलाइन प्रती बहुतेक व्हीसीडीवरून, म्हणजे जुन्या व्हिडिओ-सीडीवरून, उतरवलेल्या असतात. व्हीसीडीचं चित्र जेमतेम 352 बाय 288 ठिपक्यांचं, त्यामुळे रात्रीचे प्रसंग चौकोन-चौकोन होऊन फुटतात. मोठ्या टीव्हीवर ते जास्तच खुपतं, लॅपटॉप बरा. चेहरे रुंद दिसले तर मूळ 4:3 चित्र ताणलंय असं समजा. उतरवलेली फाइल व्हीएलसी या प्लेयरमध्ये लावून ‘ए’ कळ दाबत राहा, 4:3 आलं की थांबा. एका तबकडीत 74 ते 80 मिनिटंच मावत, म्हणून एक भाग दोन तबकड्यांवर असे. एखादी प्रत प्रसंगाच्या मध्येच संपली तर पुढची तबकडी शोधा, पुढचा भाग नव्हे.

आपोआप येणाऱ्या सबटायटलवर विसंबू नका, पिजिन (इंग्रजीतून घडलेली तिथली बोली) आणि इग्बो या स्थानिक भाषेपुढे ती हात टेकतात. पिजिनमधलं ‘वेटिन’ म्हणजे ‘काय’, ‘ऊना’ म्हणजे ‘तुम्ही सगळे’, ‘ओगा’ म्हणजे ‘साहेब’, एवढ्यावर बरंच निभावतं.

आणि एबुबे. पथकाच्या या म्होरक्याची भूमिका करणारे सॅम डेडे (जन्म 1965) पोर्ट हारकोर्ट विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवतात. नायजेरियन नाटककार ओला रोटिमींनीही एकेकाळी तिथेच शिकवलं. त्या काळी संवाद बहुधा जागेवरच मुद्रित होत, मागे जनरेटरची घरघर. अशा गोंगाटात ओरडणाऱ्या नटाचे शब्द फाटतात. डेडे ओरडतच नाहीत. शेवटचं अक्षरही न गिळता, रंगमंचावरच्यासारखे सावकाश बोलतात आणि नजर हलू देत नाहीत. दोषी माणसापुढे तलवार लाल होते हा प्रकार एरवी हास्यास्पद वाटला असता. तो खरा वाटतो तो त्यांच्या संथपणामुळे.

पहिले दोन भाग सलग बघा. पुढे साचा तोच: गावाचं बोलावणं, तलवार, आणि उघडा पडणारा एखादा बडा असामी. मुलांसमोर लावू नका, हिंसा उघडी आहे. चित्रपट पथकाला सरळ नायक करतो, ही मात्र मोठी खोट. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेच्या 2002च्या अहवालात याच बकासी बॉइजनी केलेल्या हत्या आणि छळाच्या नोंदी आहेत.