निकोटीनची गोळी आणि १८०० वाला नंबर : रोज बिडीचे दोन कट्टे (बंडल) ओढणाऱ्याचा रिव्ह्यू

पहिलेच सांगतो, या निकोटीन गमला, म्हणजे बिडी-तंबाखूची सवय सोडवायच्या गोळीला, मी मागच्या वर्षी मे महिन्यात शिव्या घातल्या होत्या, चार लोकांना सांगितलं होतं की पैसे पाण्यात आहेत, घेऊ नका बाप्पा. आता तेच शब्द परत घेतोय. चूक गोळीची नव्हती, माझ्या चावण्याची होती. फोटो टाकत नाही, रॅपर चुलीत गेले.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात. धान आणि तेंदूपत्ता. मे महिन्यात पहाटे तीनला उठून जंगलात जायचं, पानं तोडायची, सत्तर पानाचं पुडकं बांधून संध्याकाळी फळीवर (पानं विकत घेतात तिथे) द्यायचं. आई तर तरुणपणी बिड्याच वळायची, सुपात पानं, कैची, जर्दा. म्हणजे ज्या पानानं घर चाललं तेच पान मी तोंडात धरून पेटवत होतो. वय ४३, बिडी वयाच्या सतराव्या वर्षापासून, दिवसाला दोन कट्टे, धान रोवण्याच्या दिवसात जास्तच.

तर मे महिन्यात जंगलात चढण चढताना दम लागला, असा लागला की पुडकी ठेवून खाली बसावं लागलं, आणि मोठ्या वहिनी डोक्यावर भारा घेऊन माझ्या पुढून निघून गेल्या. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका मेडिकलमधून २ एमजीवाल्या दहा गोळ्या घेतल्या, शंभरच्या आसपास पडल्या. कशी खायची विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणे, "चुईंगम आहे काका, चघळायचं." आतला कागद होता, पण इंग्रजीत, आणि अक्षर एवढं बारीक की भिंग लागावं.

मी चघळलं. कचाकचा. वरून चहा मारला. दहा मिनिटात घशात जळजळ, मग पोटात मळमळ आणि मग उचकी सुरू झाली ती दीड तास थांबेना. त्याच वेळी सोसायटीत कर्जाच्या कागदावर सह्या करायला बसलो होतो, प्रत्येक उचकीला सही हलायची, सचिव म्हणे कोण आठवण काढून राहिलं एवढं. बाहेर आलो, गोळी थुंकली, पानठेल्यावरून कट्टा घेतला. संपला विषय. (मधात एकदा अंगाला चिकटवायची निकोटीनची पट्टी पण पाहिली लावून, ती रोवण्याच्या चिखलात घामानं निघून बांधीत (धानाच्या शेतात) पडली, तिच्याबद्दल जास्त लिहित नाही.)

आता नंबरचं सांगतो. बिडीच्या कट्ट्यावर, सिगरेटच्या पाकिटावर सडलेल्या तोंडाच्या फोटोखाली १८००-११-२३५६ असा नंबर असतो, २०१८ पासून छापतात. मला कित्येक वर्ष वाटायचं हा कंपनीचा तक्रार नंबर आहे, बिडी सारखी विझते म्हणून कम्प्लेंट करायची असेल तर. खरंच सांगतो. श्रावणात एक दिवस पाऊस लागून होता, पऱ्हे (धानाची रोपं) लावून झालेले, ओसरीवर बसल्या बसल्या लावला फोन. कोणी उचलला नाही कारण सोमवार होता. सोमवारी सुट्टी असते त्यांना, बाकी दिवस सकाळी ८ ते रात्री ८. हे तंबाखू सोडवायचं सरकारी काम आहे, दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून २०१६ साली सुरू झालं, मराठीत पण बोलतात, फोनला पैसा लागत नाही. मंगळवारी लावला तर बाई बोलल्या. मला वाटलं आता प्रवचन ऐकावं लागते, कॅन्सर होईल, लेकरं उघड्यावर पडतील वगैरे. काहीच नाही. पहिला प्रश्न होता, सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळात? म्हटलं ताई, उठायच्या आधीच. त्या हसल्या नाहीत, म्हणाल्या मग सवय पक्की आहे, आपण तशी तयारी करू.

गोळीचं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याकडे खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) गालात धरतात ना? तसंच करायचं. दोनचार वेळा हळू चावायची, मिरी चावल्यासारखं चुरचुरलं की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मधात दाबून ठेवायची. चुरचुर गेली की परत दोन चावे, मग दुसऱ्या गालात. अर्धा तास. यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या कातड्यातून अंगात जायला पाहिजे, भराभर चावून थुंकी गिळली की ते पोटात जाते, मग काम कमी आणि उचकी जास्त. आणि गोळीच्या पंधरा मिनिट आधीपासून चहा, कॉफी, लिंबूपाणी, कोल्ड्रिंक काही नाही, आंबट तोंडात ती नीट लागू होत नाही. म्हणजे मी जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या एका बैठकीत केल्या होत्या! एवढं त्या मेडिकलच्या पोरानं सांगितलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते.

सोडायची तारीख त्यांनी मलाच ठरवायला लावली. मी तान्हा पोळा धरला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा सण. पोरगा लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरत होता आणि मी कट्टे, माचिस सगळं नालीत टाकून ओसरीवर गोळी गालात धरून बसलो, बोजारा (पोळ्याची ओवाळणी) मागायला आलेल्या लेकरांशी नीट बोलता येईना.

पहिले चार दिवस बेकार. खोटं नाही बोलत. झोप नाही, डोकं तापलेलं, बायकोवर खेकसलो, बैलावर खेकसलो. दर तासा-दीड तासाला एक गोळी. तलफ येते तेव्हा वाटते आता जीवच जाते पण घड्याळ लावून पाहिलं, पाचसात मिनिटात उतरते. ती पाच मिनिटं हातानं काय करायचं हा खरा प्रश्न, कारण गोळी तोंडाचं पाहते, हाताला बिडी पाहिजे असते. मी सुंभ वळायला घेतला. दोन खाटा विणून झाल्या त्यात.

खर्च म्हणाल तर सुरुवातीला बिडीपेक्षा जास्तच लागला. दिवसाला आठनऊ गोळ्या म्हणजे नव्वद रुपये, बिडीचे दोन कट्टे पन्नासात व्हायचे. हा माझा या गोळीवरचा मोठा राग आहे, बिडी ओढणारा माणूस गरीब असतो आणि सोडायची गोळी महाग. पण ती जन्मभर खायची नाही. सहा आठवडे अशी, मग तीन आठवडे दोन ते चार तासांनी एक, मग दिवसाला तीनचार, बारा आठवड्यात बंद. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायचा विभाग असतो तिथे एकदा फुकट मिळाल्या, दुसऱ्या चकरेत स्टॉक नव्हता, बसचे पैसे गेले. फ्लेवरमध्ये पुदिना घ्या. पानाचा फ्लेवर घेऊ नका, तो खाल्ला की खर्राच आठवते.

आणि खर्र्याचं स्पष्ट लिहितो कारण आमच्याकडे बिडी सोडली म्हणणारे दहातले आठ जण खर्र्यावर गेलेले असतात. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून घेतला की झाले मुक्त! मला पानठेलेवाल्यानंच सुचवलं होतं, "भाऊ, बिडीचा धूर वाईट, हे घ्या." २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के आणि तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के निघाले होते. शेजारच्या गडचिरोलीत तर यासाठी 'मुक्तिपथ' नावाची मोहीमच चालवावी लागली. गोळीत निकोटीन आहे म्हणून गोळी आणि खर्रा एकच असं म्हणणाऱ्याला उत्तर हे की गोळीत तंबाखूही नाही आणि सुपारीही नाही, आणि ती कमी कमी करून सुटते. खर्रा सोडलेला एक माणूस दाखवा मला गावात.

दिवाळीनंतर पडलो एकदा. मंडई (आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा) होती, रात्री नाटक. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाकडचं नाटक म्हणजे पहाटेपर्यंत, थंडी, तणसावर बसलेलो, तिसऱ्या अंकात व्हिलन मरायला तयार नाही आणि साडूभाऊनं पेटवलेली बिडी पुढे केली. घेतली. एकाच्या चार झाल्या. सकाळी वाटलं गेलं सगळं, आता काय उपयोग. नंबरवाल्या बाईंचा मधून मधून फोन यायचा, त्या आठवड्यात आला तेव्हा उचलायची हिंमत नव्हती, बायकोनं उचलून माझ्या कानाला लावला. त्या एवढंच म्हणाल्या, चार बिड्या झाल्या, पाचवी होऊ द्यायची नाही, आणि नाटकाला जाताना गोळ्या खिशात होत्या का? नव्हत्या. घरी खुंटीवरच्या शर्टात होत्या.

तर माझ्याकडून गोळीला पाचपैकी साडेतीन, दीड कापला तो किमतीला आणि इंग्रजी कागदाला. नंबरला पाच. दम म्हणाल तर यंदा तेंदूच्या चढणीवर बसलो नाही. वहिनी अजून पुढेच असतात, पण दिसतात तरी.

परवा यंदाची मंडई झाली. तेच मैदान, तोच साडूभाऊ, त्यानं कट्टा पुढे केला, मी खिशातून गोळी काढली. गोळ्या बंद होऊन वर्ष होत आलं, पण नाटकाला जाताना दोन सोबत ठेवतो. तर तो म्हणे, "मले बी दे एक, पाहतो." दिली. म्हटलं चावू नको भाऊ, गालात धर. कोण ऐकते, कचाकचा चावली, वरून चहा घेतला. दुसऱ्या अंकात हिरोईन रडत होती, सगळा मांडव चूप, आणि साडूभाऊला उचकी लागली.