कन्व्हर्टिबलला स्वतः विंड डिफ्लेक्टर करताय? जाळी की पारदर्शक शीट

दोन सीटच्या कन्व्हर्टिबलला, म्हणजे टप उघडणाऱ्या गाडीला, स्वतः डिझाइन करून डिफ्लेक्टर, म्हणजे सीटमागे उभा राहून वारा अडवणारा पडदा, बसवायचा म्हटलं की ब्रॅकेट, उंची, रुंदी सगळं ठरतं आणि शेवटी घोडं एकाच ठिकाणी अडतं, फ्रेमवर ताणलेली काळी जाळी लावू की पारदर्शक शीट. मी एकाच गाडीवर, रोल बारच्या (सीटमागची, गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) त्याच ब्रॅकेटवर दोन्ही लावून वापरलंय, त्यामुळे थोडंफार सांगू शकतो. वारा समोरून नाही तर मागून त्रास देतो हे तुम्हाला माहीत असेलच, विंडस्क्रीनच्या वरच्या कडेवरून हवा सुटते, तिच्यामागे दाब कमी होतो आणि डिकीवरची हवा उलटी फिरून दोन सीटच्या मधून मानेवर येते.

आधी वाऱ्याचंच बोलू, कारण तिथे शीट पुढे आहे आणि ते मान्य करायला हवं. हायवेच्या स्पीडला शीटमागून येणारा झोत जवळजवळ बंद होतो. जाळीने तो बंद होत नाही, मंद होतो, मानेला थोडं गार लागत राहतं. डेसिबल वगैरे मी काही मोजलं नाही, जाळी लावल्यावर बायकोने केस न बांधता अख्खा प्रवास केला आणि एकदाही काचा वर कर म्हणाली नाही, माझ्यासाठी तेवढं मोजमाप पुरलं. शीटचं एक मात्र जाणवलं, दोन्ही बाजूंना बोटभर जरी फट राहिली तरी हवा तिथूनच जोरात घुसते आणि नेमकी खांद्यावर बसते, जाळीतून ती सगळीकडून थोडीथोडी झिरपते म्हणून असा एका जागी झोत लागत नाही. आणि काहीही लावा, खालची फट बंद करा! लोक वरची उंची वाढवत बसतात आणि सीटच्या मधे, टनेलच्या (गाडीच्या तळाचा मधला उंचवटा) वर जे भोक उरतं तिकडे कोणी बघत नाही, निम्मी हवा तिथूनच येते असं माझं मत. फोमची एक पट्टी लावली तरी फरक कळतो.

आता ज्या एका गोष्टीपायी मी शीट काढली ती. रात्री दोन लेनचा रस्ता, मागे कुणीही नाही, आणि आरशात दोन दिवे. लांबवर, मग हळूहळू मोठे होत येणारे. मी आपला साइड देतोय, स्पीड कमी करतोय, आणि समोरून येणारी गाडी बाजूने निघून गेली की आरशातलेही दिवे गायब. म्हणजे समोरच्याच गाडीचे हेडलाइट विंडस्क्रीनमधून आत येऊन माझ्या डोक्यामागच्या शीटवर आपटून परत आरशात दिसत होते. अशा शीटसाठी अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट ही पारदर्शक प्लास्टिकं वापरतात; अ‍ॅक्रिलिकच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के प्रकाश परततो, दोन्ही बाजू धरल्या तर 7-8 टक्के, ऐकायला किरकोळ वाटतं पण अंधारात हाय बीमचे 8 टक्के म्हणजे चांगलंच काहीतरी असतं. पॉलिकार्बोनेटला तर हा आकडा 10 च्या आसपास जातो.

कोन बदलून बघा असं कुणीही म्हणेल, मीही बदलला. शीट 3 अंश कलवली की प्रतिबिंब 6 अंश सरकतं, म्हणजे उपाय आहे, पण ते सरकून जातं कुठे हा प्रश्न उरतो. वरची कड पुढे कलवली तर हेडलाइट गेले आणि त्यांच्या जागी डॅशबोर्डचे आकडे तरंगायला लागले, मागे कलवली तर रस्त्यावरचे खांबाचे दिवे एकामागून एक आरशातून सरकताना दिसायला लागले. त्यातल्या त्यात डॅशबोर्ड बरा, त्याची लाइट कमी करता येते. काहीजणांना या सगळ्याचं काहीच वाटत नाही, सवय होते म्हणतात, होत असेलही, मला मात्र आरशात दिवे दिसले की ते खरे का खोटे हे ठरवायला लागायचं आणि तिथेच सगळी मजा जायची. काळी मॅट जाळी आरशासारखं काही दाखवतच नाही. उलट मागून येणाऱ्याचे खरे हेडलाइट ती थोडे मंद करते, हा फायदा आधी डोक्यातच नव्हता.

जाळी म्हणजे अगदी सोपं काम असं मात्र समजू नका. फ्रेमचा वरचा पाइप जर आरशाच्या नजरेच्या रेषेत आला तर मागच्या दृश्यावर कायमची आडवी काळी पट्टी येते, तेव्हा सीटवर बसून, आरसा नेहमीसारखा लावून, मगच उंची ठरवा. ताण कमी पडला की जाळी फडफडते, पीव्हीसी कोटिंगची पॉलिएस्टर जाळी घेऊन खाचेत रबरी दोरीने दाबून बसवली, मच्छरच्या जाळीच्या खिडकीला करतात तशी, की ताण टिकतो. पावसाळी संध्याकाळी, टप बंद असताना, मागचं थोडं अंधूक दिसतं हेही खरं.

शीटची दुसरी कटकट म्हणजे पुसणं. धुळीवर कोरडं फडकं फिरवलं की बारीक चरे, आणि त्या चऱ्यांवर रात्री प्रत्येक दिव्याभोवती झगमगाट. अमोनियावाला काचेचा स्प्रे तर मारूच नका, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात, साबणाचं पाणी आणि मायक्रोफायबर बास.

मोठ्या कंपन्यांचंही एकमत नाही म्हणा. 1989 च्या मर्सिडीज एसएलला, आर129 ला, जाळीचा डिफ्लेक्टर मिळायचा, आणि पोर्शने पहिल्या बॉक्सस्टरला रोल बारच्या मधे पारदर्शक प्लास्टिक दिलं. दिसायला शीट जास्त छान, त्याबद्दल वाद नाही, टप खाली असताना गाडीची लाइन मोडत नाही.

तेव्हा तुम्ही बहुतेक दिवसा चालवत असाल, लांबचे हायवे जास्त असतील आणि बाजूच्याला वारा अजिबात सोसत नसेल तर शीट करा, मी नको म्हणणार नाही. रात्रीचं ड्रायव्हिंग बरंच असेल तर मी जाळीकडेच बोट दाखवीन. शीटच करायची तर निदान अ‍ॅक्रिलिक घ्या, पॉलिकार्बोनेटपेक्षा चरे कमी पडतात आणि चकाकतंही थोडं कमी, फक्त ते ठिसूळ असतं म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडून रबरी वॉशर घाला, कारण 90 सेंटिमीटरची शीट 40 अंशांच्या फरकाला अडीच मिलिमीटर वाढते आणि घट्ट आवळली असेल तर भोकापासूनच तडकते. ब्रॅकेट असे बनवा की कोन नंतर बदलता येईल आणि त्यावर पुढे कधी जाळीची फ्रेमही बसेल, माझे तसेच आहेत.