एलपारच्या प्रोसेसर रिपोर्टचा पाया: ७० की ११३?

एलपारच्या (आयबीएम मेनफ्रेमचा एक स्वतंत्र भाग, म्हणजे पार्टिशन) प्रोसेसर वापराचा रिपोर्ट नव्याने उभा करायचाय, पण एसएमएफच्या (सिस्टमच्या वापराच्या नोंदी ठेवणारी सोय) कुठल्या रेकॉर्डवर ते ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. निवड बहुतेक वेळा दोघांतच असते: आरएमएफ (परफॉर्मन्स मोजणारा प्रोग्राम) लिहितो तो ७० चा सबटाइप १, आणि एचआयएस (हार्डवेअरचे काउंटर वाचणारी सेवा) लिहितं तो ११३. दोन्हींवर मी रिपोर्ट चालवले आहेत.

आधी ११३ बद्दल, कारण त्याचं काम खरंच देखणं आहे. प्रोसेसर अमुक इतका वेळ व्यस्त होता, एवढं ७० सांगतो. त्या वेळात त्याच्या हातून काम किती उरकलं हे ११३ सांगतो. सायकल किती गेल्या, इन्स्ट्रक्शन किती झाल्या, पहिल्या कॅशमध्ये न सापडलेला डेटा कुठून आणावा लागला, हे सगळं झेड१० मेनफ्रेमपासून हार्डवेअरच मोजतं, त्यामुळे मोजण्याचा भारही जाणवत नाही. तीच बॅच, तेवढंच काम, तरी सीपीयू जास्त का लागला, या प्रश्नावर ७० हात वर करतो. ११३ मधली दर इन्स्ट्रक्शनमागची सायकल (सीपीआय) पाहिली की निदान दिशा तरी मिळते.

मग अडलं कुठे? ११३ फक्त आपल्याच पार्टिशनच्या लॉजिकल (म्हणजे पार्टिशनला दिसणाऱ्या) प्रोसेसरबद्दल बोलतो. वाचताना ही गोष्ट किरकोळ वाटते. आमच्याकडे महिनाअखेरीला ऑनलाइनचा रिस्पॉन्स ढेपाळायचा. ११३ मध्ये सीपीआय चढलेला स्पष्ट दिसायचा, म्हणजे डेटा लांबून येतोय हेही कळायचं. का, हे मात्र त्यात असणारच नव्हतं, कारण दुखण्याचं मूळ आमच्या पार्टिशनमध्ये नव्हतंच. मग शेजारच्या एलपारच्या टीमकडे त्यांचा ११३ मागायचा. त्यांच्याकडे एचआयएस सुरूच नव्हतं. आणि जो रेकॉर्ड त्या दिवशी लिहिलाच गेला नाही, तो नंतर कुणी कुठून आणणार? लिनक्स आणि कपलिंग फॅसिलिटीची (अनेक सिस्टमचा सामायिक डेटा सांभाळणारी) पार्टिशनं तर एसएमएफ लिहीतच नाहीत. एका मशीनवर दहा एलपार आणि त्यातल्या काहींचाच हिशेब हाती, यावर रिपोर्ट उभा करणं मला पटेना.

७० चं तसं नाही. आरएमएफ ही माहिती पीआर/एसएमकडून (पार्टिशनना प्रोसेसर वाटून देणारा मशीनचा थर) घेतो, त्यामुळे एकाच एलपारच्या रेकॉर्डमध्ये त्या मशीनवरच्या सगळ्या पार्टिशनची नोंद येते: प्रत्येकाचं वेट (प्रोसेसरमधला ठरवून दिलेला वाटा), कॅपिंग (वापरावरची मर्यादा), आणि प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरला मिळालेला डिस्पॅच टाइम (खऱ्या प्रोसेसरवर चालल्याचा वेळ). लिनक्सचाही येतो. महिनाअखेरीचं उत्तर तिथेच होतं. एरवी मशीनमध्ये जागा असायची म्हणून आमचा एलपार आपल्या वेटच्या बराच वर चालायचा. महिनाअखेरीला बाकीच्यांचंही काम वाढलं की पीआर/एसएम प्रत्येकाला आपापल्या वाट्यावर आणायचं, आणि आमचे व्हर्टिकल लो (वाट्याची हमी नसलेले) प्रोसेसर पार्क व्हायचे, म्हणजे बाजूला ठेवले जायचे.

यातला एक हिशेब जवळून दाखवतो. समजा इंटरव्हल (एका रेकॉर्डचा काळ) १५ मिनिटांचा, म्हणजे ९०० सेकंद. प्रोसेसर पूर्ण वेळ ऑनलाइन, पार्क झालेला नाही. सीपीयू सेक्शनमधला वेट टाइम (काम नसल्याचा वेळ; वरचं वाट्याचं वेट वेगळं), एसएमएफ७०डब्ल्यूएटी, ४५ सेकंद. झेड/ओएसच्या, म्हणजे पार्टिशनमधल्या ऑपरेटिंग सिस्टमच्या, मते तो ९५ टक्के व्यस्त. लॉजिकल प्रोसेसर सेक्शनमधला डिस्पॅच टाइम, एसएमएफ७०पीडीटी, मात्र ६३० सेकंद, म्हणजे ७० टक्के. मधले २५ टक्के म्हणजे झेड/ओएसकडे काम होतं, पण लॉजिकल प्रोसेसरखाली खरा प्रोसेसर नव्हता. ही तफावत एका रेकॉर्डमध्ये, एका वजाबाकीत दिसते. पार्किंग असेल तर तेवढा वेळ आधी वगळायचा, नाहीतर आकडा फसवा येतो.

७० चे त्रासही आहेत. एलपार जास्त असले की रेकॉर्ड ३२ केबीच्या मर्यादेत मावत नाही, तुकडे होतात आणि ते आपणच जुळवायचे. पण तो प्रोग्राम एकदाच लिहावा लागतो. डेडिकेटेड प्रोसेसरवरची कपलिंग फॅसिलिटी कायम १०० टक्के दिसते, तिच्यासाठी ७४ चा सबटाइप ४ पाहावा. झीप (ठराविक कामांसाठीच्या) प्रोसेसरवर एसएमटी (एका कोरवर दोन थ्रेड) चालू असेल, तर डिस्पॅच टाइम कोरचा आणि वेट टाइम थ्रेडचा, हे भान ठेवूनच वरची वजाबाकी करावी. आणि १५ मिनिटांच्या सरासरीत काही सेकंदांची उसळी विरून जाते. तिथे ११३ चाही फारसा उपयोग नाही, कारण तोही इंटरव्हलनेच लिहिला जातो. अशा वेळी ९९ चा सबटाइप १२ उघडावा, त्यात दर दोन सेकंदांचं चित्र असतं.

तुमचा प्रश्न नव्या मशीनवर जाण्याचा असेल, तर माझा कल बाजूला ठेवा. तिथे कॅशचं वागणं कळल्याशिवाय क्षमतेचा अंदाज धड बांधता येत नाही, झेडपीसीआरलाही (आयबीएमचं क्षमतेचा अंदाज बांधणारं साधन) ११३ चे आकडे लागतात. म्हणून एचआयएस सगळीकडे सुरूच असावं, आयपीएलनंतर (सिस्टम नव्याने सुरू केल्यावर) आपोआप चालू होईल अशा बेताने. पण रोजचा रिपोर्ट, वेट बदलायचं का यावरची चर्चा, कुणाचा वाटा कोण खातंय हा वाद, या सगळ्यासाठी मी तरी ७० वरच बांधणी करेन.

तसं ठरलं तर आरएमएफच्या आधी एचएमसीवर (मशीन सांभाळण्याच्या कन्सोलवर) जा. इमेज प्रोफाइलच्या (पार्टिशनच्या सेटिंगच्या) सिक्युरिटीत ग्लोबल परफॉर्मन्स डेटाची खूण केलेली नसेल, तर ७० लासुद्धा फक्त आपलंच पार्टिशन दिसतं. ती खूण एका मशीनवरच्या दोन एलपारना द्या आणि दोघांचेही रेकॉर्ड साठवा. एकाचा आयपीएल चालू असताना बाकी मशीनचा हिशेब दुसऱ्याकडून मिळत राहतो.