कर्ब मोजायचं यंत्र: १४ महिने वापरल्यावर

आमच्या गटातल्या ११ जणांनी वर्गणी काढून मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून, मुळ्यांतून आलेला कार्बन) दाखवणारं हातातलं यंत्र घेतलं. मातीला टेकवायचं, बटण दाबायचं. परत आलेल्या अवरक्त किरणांवरून मोबाईलवर आकडा येतो. 'एका मिनिटात कर्ब' म्हणून विकलं होतं. मिनिटच लागतं, ते खरं आहे. कर्बाचं सांगतो.

पहिल्याच आठवड्यात खोडव्याच्या (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाच्या) एका सरीत पाणी दिल्या दिवशी ०.८१ टक्के दाखवला, चार दिवसांनी ०.६२. तीच माती घरी आणून सावलीत वाळवली, कुटून चाळली, तर ०.५४. प्रयोगशाळेचा आकडा आला ०.४७. चार दिवसांत कर्ब कुठं पळून गेला नव्हता. ओली माती गडद दिसते, शिवाय ते किरण पाणीही शोषतं. त्यात आपली काळी जमीन यंत्राला चकवते. काळी म्हणजे कसदार असं आपण आज्या-पणज्यापासून ऐकत आलो, पण कित्येक काळ्या रानांचा कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भरतो. कंपनीला फोन केला तर उत्तर, "सर, ॲप अपडेट करा."

प्रयोगशाळेत वॉकली-ब्लॅक पद्धत चालते, १९३४ सालची. मातीत डायक्रोमेट (कर्बावर खर्ची पडणारं रसायन) आणि सल्फ्युरिक आम्ल घालतात, मग उरलेलं डायक्रोमेट थेंबाथेंबानं मोजतात. शेवटी रंग हिरवा झाला की थांबायचं. ही पद्धतही सगळा कर्ब पकडत नाही, म्हणून हिशेबात ठरावीक गुणक लावतात. पण चुनखडीतला कर्ब ती धरत नाही, आणि आमच्या रानात चुनखडी आहे. गटातल्या एकानं नमुना दुसरीकडे, माती जाळून एकूण कर्ब मोजणाऱ्या यंत्रावर दिला. १.३५! पेढे वाटायचेच बाकी होते. तो आकडा चुनखडीसकटचा होता. आधी आम्ल टाकून ती घालवायला हवी होती.

मग यंत्र टाकाऊ का? नाही. वाळवलेल्या, चाळलेल्या मातीवर ते दोन रानांतला फरक बरोबर सांगतं. सहा वर्षं पाचट (उसाची वाळलेली पानं) कुजवलेला माझा तुकडा आणि बांधाला लागूनचं, दरवर्षी पाचट पेटवणारं चुलतभावाचं रान: प्रयोगशाळेत ०.५८ आणि ०.४१, यंत्रावर ०.६६ आणि ०.४९. आकडे चढे, पण दोन्हीकडे सारखेच चढे. कोणत्या तुकड्याला शेणखत आधी द्यायचं हे ठरवायला एवढं पुरतं. चुलतभावानं यंदा पाचट पेटवलं नाही. त्याचं श्रेय यंत्राला देईन, माझ्या सहा वर्षांच्या बडबडीला नाही.

खरा घोळ ॲपमधल्या 'एकरी साठवलेला कर्ब' या रकान्यात आहे. टक्केवारीवरून टन काढायला मातीची घनता लागते, आणि ॲप सगळ्यांना १.३ (घनसेंमीला ग्रॅम) धरतं. मी लोखंडी पाइपाचं ५ सेंमी व्यासाचं, तेवढ्याच उंचीचं कडं करून घेतलं. वापशावर (माती ना चिखल, ना कोरडी असताना) ते ठोकून काढलेली माती भट्टीत १०५ अंशाला वाळवून वजन केलं. वापसाच हवा, कारण काळी माती ओली फुगते आणि वाळली की आकसते. आता बघा: ३० सेंमी खोलीला ०.४७ टक्के आणि घनता १.२५ म्हणजे हेक्टरी साधारण १७.६ टन. समजा, पाचटानं कर्ब ०.५२ झाला आणि माती भुसभुशीत होऊन घनता १.१५ वर आली, तर १७.९. टक्केवारी चांगली वाढली, पण तेवढ्याच खोलीत मातीच कमी मावली. कार्बन क्रेडिटवाले (मातीत साठवलेल्या कर्बाचे पैसे देऊ म्हणणारे) बांधावर आले की टक्केवारीनंतर लगेच घनता विचारा. आमच्याकडे आलेला पोरगा तिथंच अडखळला.

घेणार असाल तर गटानंच घ्या, एकट्यानं नको. नमुने मात्र नीट काढा: १०-१५ ठिकाणी नागमोडी फिरून, बांध, झाड आणि उकिरडा सोडून, सगळे मिसळून, चार भाग करत अर्धा किलोपर्यंत आणून. मी त्या जागांना खुणा करून ठेवल्यात. पुढचा नमुना २०२८ च्या तोडणीनंतर, त्याच जागांवरून, त्याच प्रयोगशाळेत. तोवर यंत्र चुलतभावाकडे आहे. तो रोज मोजतो.