विंडोज ७ वर अजून पत्रिका निघतात: डीटीपीच्या दुकानातला वापरानंतरचा अनुभव

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांनी इथेच घ्यावं: हो, विंडोज ७ वर आजही धंद्याचं काम होतं, पण त्या कॉम्प्युटरची इंटरनेटशी फारकत केली तरच. मी गेल्या दिवाळीपासून वापरतेय. मधे सोलापूरची गड्ड्याची यात्रा आणि पूर्ण लग्नसराई येऊन गेली, त्यामुळे मशीनची परीक्षा बऱ्यापैकी झाली असं म्हणायला हरकत नाही.

सोलापुरात साखर पेठेकडे आमचं डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणी) आणि मिनी ऑफसेटचं (छोट्या छपाई मशीनचं) छोटं दुकान आहे. कंपोज मी करते, मशीन नवरा बघतो. कामं ठरलेली: लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं, पुण्यस्मरणाची कार्डं, संक्रांतीच्या आधी दुकानदारांची हँडबिलं. या गावात एका लिपीवर भागत नाही. एका पत्रिकेत मराठीखाली कन्नड, दुसरीत मराठीसमोर तेलुगू, आणि पूर्व भागातलं गिऱ्हाईक असेल तर तेलुगू आधी. हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं ज्या फाँट पॅकेजमध्ये बसवत आलो ते युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचं आहे. त्यात 'क' हा खरा 'क' नसतोच. कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. तो फाँट मशीनमध्ये असेल तर पत्रिका दिसते, नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हांचा सडा. आमच्या हजारो जुन्या फाइली अशाच आहेत. मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे केलेले लोक धाकटीच्या वेळी येतात आणि म्हणतात, "अक्का, तीच काढा की, नावं तेवढी बदला." ती फाइल उघडली नाही तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

या पॅकेजला हार्डवेअर लॉक आहे, म्हणजे जोडलं तरच पॅकेज चालू देणारी डबी, जुन्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला, म्हणजे एलपीटीला लागणारं. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून आम्ही नवं मशीन घेतलं. जुन्यावर विंडोज ११ चढत नव्हतं; टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा. नव्या मशीनला एलपीटी पोर्टच नाही. बाजारात यूएसबीला लावायची एलपीटी केबल मिळते, ती प्रिंटरसाठी ठीक, लॉकला बहुधा ओळखत नाही. आमच्या लॉकला तर नाहीच ओळखलं. पोर्टचा प्रश्न सुटला असता तरी पुढे भिंत होती. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचा प्रोग्रॅम चालत नाही. आमच्या पॅकेजचा इन्स्टॉलर १६ बिटचा. लॉकचा ड्रायव्हरही ३२ बिटचा, तो ६४ बिट विंडोज आत घेत नाही. नव्या मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर, करून त्यात जुनं विंडोज टाकून पाहिलं. विंडोज छान चाललं, लॉक दिसलं नाही. पॅकेज विकणाऱ्यांना फोन केला तर त्यांनी नवीन आवृत्ती पूर्ण किमतीत घ्या म्हणून सांगितलं, आणि जुन्या फाइली त्यात जशाच्या तशा येतील का यावर नीट उत्तर दिलं नाही.

म्हणून कोपऱ्यातला जुना डबा पुन्हा उभा केला. दुसऱ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, नवी साधी साटा एसएसडी, आणि कॅबिनेटवर ज्याचा स्टिकर होता तेच विंडोज ७ प्रोफेशनल, ३२ बिट. ३२ बिटमुळे ४ जीबीपैकी सव्वातीनच्या आसपासच वापरात येते. डीटीपीला तेवढी पुरते.

बसवताना खरा वेळ अपडेटांत जातो. सर्व्हिस पॅक १ असलेली डिस्क असली तरी कोरं विंडोज ७ अपडेट शोधत तासन् तास फिरत बसतं. कारण दोन. एक, अपडेट शोधणारा भागच जुना असतो, आधी तो हाताने बदलावा लागतो. दुसरं, मायक्रोसॉफ्टने २०१९ पासून अपडेटांवरची डिजिटल सही एसएचए-२ पद्धतीची केली, आणि कोऱ्या विंडोज ७ ला ती सही वाचताच येत नाही. त्यासाठी केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९ या नंबरांची दोन अपडेट आधी टाकायची. २०१६ मध्ये आलेलं एकत्र गाठोडं, केबी ३१२५५७४, टाकलं की तोवरची बरीचशी अपडेट एकदम बसतात; त्याच्याही आधी केबी ३०२०३६९ लागतं. हे नव्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हने न्यावं. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररने आज एक पान धड उघडत नाही, त्याच्या नादी लागू नका. आणि कोणाच्या मनात नव्या बोर्डावर विंडोज ७ टाकायचं असेल तर सोडून द्या: इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या डिस्कचाही नाही, कीबोर्ड-माउससकट सगळं मुकं होऊन बसतं.

एकदा बसल्यावर मात्र मशीन पळतं. एसएसडीमुळे बटण दाबून पदर खोचेपर्यंत पडदा तयार. एप्रिल-मे मध्ये दुकानात पत्र्याखाली पारा चाळिशीच्या वर असतो, आजूबाजूच्या यंत्रमागांची कापसाची धूळ पंख्यात बसते, तरी महिन्याला ब्लोअर मारला की तक्रार नाही. मधेच अपडेट सुरू होऊन 'बंद करू नका' असं काही येत नाही. स्टार्ट बटण दाबलं की स्टार्ट मेनू उघडतो, त्यात बातम्या आणि जाहिराती नाहीत. हे सुख मला नव्या मशीनवर अजून मिळालेलं नाही, आणि मिळेल असं वाटतही नाही.

आम्ही पानं ज्यात मांडतो ते पेजमेकर ७ हे २००१ चं सॉफ्टवेअर. त्यानंतर नवी आवृत्ती आली नाही. अ‍ॅडोबीने ते विंडोज ७ वर चालेल अशी हमी कधीच दिली नव्हती. आमच्याकडे 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून आणि कंपॅटिबिलिटी एक्सपीवर ठेवून चालतं. फाइली पेजमेकरमधून बाहेर काढायच्या असतील त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पानं मांडायच्या नव्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंतच पेजमेकरच्या फाइली उघडतात, पुढच्या सीसी आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. सीएस६ कोणाकडे असेल तर जपून ठेवा.

कोरेल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं दुखणं वेगळं. बाहेरचा डिझायनर नव्या आवृत्तीत केलेली फाइल पाठवतो, ती आमच्या जुन्यात उघडत नाही. मग फोन: खालच्या व्हर्जनला सेव्ह करून पाठवा. तो पाठवतो, तेव्हा सावली आणि पारदर्शक भाग कुठे कुठे बिघडलेले असतात. आता मी सरळ पीडीएफ मागवते आणि जुन्या मशीनवर फक्त मॅटर बसवते. फोटोंचंही तेच. आयफोनचे एचईआयसी आणि नेटवरचे वेबपी हे प्रकार विंडोज ७ ला ठाऊक नाहीत. नव्या मशीनवर जेपीजी करूनच पाठवायचे.

एक गंमत सांगते. विंडोज ७ आलं ऑक्टोबर २००९ मध्ये, आणि रुपयाचं चिन्ह ठरलं जुलै २०१० मध्ये. म्हणजे मूळ विंडोज ७ मध्ये ते चिन्ह नव्हतंच, नंतरच्या अपडेटने आलं. आमच्या जुन्या फाँटांत तर ते आजही नाही. बिलबुकासाठी मी ते कोरेलमध्ये काढून ठेवलंय, रेघा ओढून, आणि 'एकूण'समोर चिकटवते. कोणाला फरक कळत नाही. काही जुने व्यापारी अजून 'रु.'च मागतात, ते माझे आवडते.

आता मुख्य कटकट. पूर्वी गिऱ्हाईक कागदावर मॅटर लिहून आणायचं, मी टाइप करायचे. आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, युनिकोडमध्ये, शेवटी हात जोडलेल्या इमोजींची रांग. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, म्हणून कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटात न्यावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर साठवलेली असते, जुन्या फाँटात टाइपरायटरसारखी आधी. रफाराचं उलट: युनिकोडमध्ये 'र' आधी, जुन्यात नंतर. त्यामुळे मॅटर बदलताना प्रत्येक अक्षराची जागा हलते. 'मल्लिकार्जुन' हे नाव घ्या. सोलापुरात दर दोन-चार पत्रिकांत ते येतंच. त्यात वेलांटी सबंध 'ल्ल'च्या आधी न्यायची आणि रफार 'जु'वर चढवायचा. साधा कन्व्हर्टर वेलांटी मधेच टाकतो. 'वऱ्हाड'मधला अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, आणि फोनगणिक प्रकार बदलतो. त्यातल्या एकात न दिसणारं जोडचिन्ह असतं, कन्व्हर्टर त्याच्या जागी चौकोन ठेवतो. पत्रिकेतलं एक नाव चुकलं तर सगळी छपाई वाया, म्हणून प्रूफ मी बटर पेपरवर ट्रेसिंग (जिच्यावरून छपाईची प्लेट बनते ती प्रत) काढायच्या आधी साध्या कागदावर काढते आणि नावं गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वाचून घेते. तेलुगूसाठी तर कन्व्हर्टरचा नादच सोडला. शेजारचे काका समोर बसून सांगतात आणि मी टाइप करते. मधेच ते म्हणतात, "अक्का, ते अक्षर पोट फुगलेलं पाहिजे," आणि मला कळतं कुठलं ते.

हे विंडोज ७ चं दुखणं नाही, फाँटाचं आहे. विंडोज ७ मध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित चालतं. मंगल होताच, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फाँट याच आवृत्तीत आले. जुन्या विंडोजला धरून बसलेत म्हणून आमच्यासारख्यांना लोक हसतात, त्यांनी आमच्या फाइली बघाव्यात. आम्हाला बांधून ठेवलंय ते त्या फाइलींनी.

इंटरनेटचं. विंडोज ७ ची नेहमीची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, कंपन्यांसाठीची पैसे भरून मिळणारी वाढीव अपडेटही १० जानेवारी २०२३ ला थांबली. क्रोमची शेवटची चालणारी आवृत्ती १०९. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (लांब मुदतीची आवृत्ती), आणि मोझिलाने तिची मुदत पुनःपुन्हा वाढवली हे त्यांचे उपकारच. सुरुवातीला मी फायरफॉक्सवर मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडत होते, चालतही होतं. पण बँकेच्या संकेतस्थळाने ब्राउझर जुना म्हणून बाहेरच ठेवलं, एका सरकारी पोर्टलवर कॅप्चाच दिसेना. एकदा तर कुठलंच पान उघडेना. शोधलं तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपून घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. तारीख चुकली की प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ब्राउझर नाकारतो. नवा सीआर २०३२ टाकला आणि तारीख लावली, काम झालं. जुनं मशीन असेल तर हा सेल आधीच बदलून टाका.

तरी नेट तोडलं, ते या गैरसोयींमुळे नाही. मे २०१७ चं वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं, आठवा. त्यात बाधित झालेल्या मशीनांत बहुसंख्य विंडोज ७ ची होती, आणि त्या भोकावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ठिगळ असून लावलं नाही म्हणून तेव्हा लोक बुडाले. आता तर नवं ठिगळ येतच नाही. माझ्याकडे लोकांच्या पत्रिका, फोन नंबर, पत्ते असतात; ते कुलूपबंद होऊन कोणी खंडणी मागितली तर द्यायला आमच्याकडे काही नाही.

आताची मांडणी अशी. दोन्ही मशीनांमध्ये सरळ एक लॅन केबल. विंडोज ७ ला हाताने आयपी दिलाय आणि गेटवेचा रकाना रिकामा ठेवलाय, म्हणजे त्याला बाहेरचा रस्ताच माहीत नाही. वायफाय कार्ड काढून टाकलं. विंडोज ७ स्वतःचं काहीच शेअर करत नाही, ते फक्त नव्या मशीनच्या एका फोल्डरमध्ये जाऊन फाइली आणतं. विंडोज ७ ला एसएमबी (फाइली शेअर करायची विंडोजची पद्धत) २.१ येतं, त्यामुळे ११ वर जुनं एसएमबी १ चालू करायची गरज नाही. कोणी तसं सुचवलं तर ऐकू नका. ११ वर पासवर्ड असलेलं वेगळं खातं मात्र करावं लागतं, पाहुणा म्हणून आत जाऊ देत नाही. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह जुन्या मशीनला लावायचे नाहीत हा दुकानातला कायदा. शॉर्टकटवाला व्हायरस या पेठेत अजून जिवंत आहे, कॉलेजच्या पोरांच्या प्रोजेक्टांबरोबर फिरतो. आमच्याकडे कामाला असलेला मुलगा आधी कुरकुरला, "काकू, एका पानासाठी इकडून तिकडे?" आता त्याच्या हाताला सवय झालीय.

प्रिंटरबद्दल थोडक्यात: आमच्या जुन्या लेझरला ११ वर ड्रायव्हर नाही, विंडोज ७ वर डिस्कमधला ड्रायव्हर पहिल्या फटक्यात बसला. ट्रेसिंग त्याच्यावरच निघतात.

कोणी घ्यावं? ज्यांच्याकडे अशा जुन्या फाइली, लॉक, एखादं जुनं मशीन जोडलेलं आहे, त्यांनी जरूर. नुसतं दिसायला आवडतं किंवा नवं मशीन महाग पडतं म्हणून घरी बँक आणि मेलसाठी विंडोज ७ ठेवणाऱ्यांना मी नको म्हणेन. जुन्याच मशीनवर एखादं हलकं लिनक्स टाकलं तर ब्राउझर तरी आजचा मिळतो.

नवी कामं मी आता नव्या मशीनवर युनिकोडमध्ये सुरू केलीत. जुन्यापैकी ज्या पत्रिका पुन्हा पुन्हा मागितल्या जातात त्या आधी बदलतेय, पावतीपुस्तकं त्यानंतर. डिस्कची अख्खी प्रतिमा दोन ठिकाणी काढून ठेवलीय. राहता राहिला मदरबोर्ड. एलपीटी पोर्ट चालू असलेला त्याच सॉकेटचा बोर्ड जुन्या बाजारात शोधतेय. परवा एक दिसला, पण कपॅसिटर फुगलेले होते, म्हणून सोडला.