नावात पेटी होती म्हणून ऐकला

जेम्स यॉर्कस्टन हा स्कॉटिश गायक कोण, हे मला गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हतं. आपला संबंध पेटीशी. नारायण पेठेत घर, वडील भजनी मंडळात साथीला, त्यांची पायपेटी अजून बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आहे. मुलीने मोबाईलवर त्याच्या अल्बमचं नाव दाखवलं, 'द रूट टू द हार्मोनियम'. "बाबा, हे तुमच्या कामाचं दिसतंय."

कामाचं निघालं, पण मला वाटलं होतं तसं नाही. मी हरकती-मुरक्यांची वाट बघत बसलो, आणि इथे पेटी बहुतेक वेळ मागेच. सूर धरून बसते, तंबोऱ्यासारखी. पहिल्या दिवशी वैतागून बंद केला. दुसऱ्यांदा ऐकला तो पहाटे पाचला, दूधवाल्याचे क्रेट खाली आदळायच्या आधी, आणि तेव्हा कुठे जमलं. या अल्बमला शांतता लागते. दुपारी लक्ष्मी रस्त्याच्या हॉर्नमध्ये यातलं निम्मं हाताला लागत नाही.

अल्बम 2019 चा. स्कॉटलंडच्या फाइफ भागात समुद्रकाठी सेलरडाइक नावाचं कोळ्यांचं छोटं गाव आहे, तिथे हा माणूस राहतो. बहुतेक काम त्याने तिथेच, एकट्याने केलंय, पूर्वी कोळी जिथे जाळी दुरुस्त करायचे त्या माळ्यावर. घरचं रेकॉर्डिंग म्हटलं की मला खरखर आणि पंख्याचा आवाज आठवतो. इथे तसं नाही, पण आवाज अगदी जवळून येतो. समोरच्या खुर्चीत बसून कोणी हळू आवाजात गावातल्या माणसांबद्दल सांगावं, तितका जवळून. गळा काही तयारीचा नाही. न चढवता गातो, तेच बरं वाटतं.

डल्सिटोन हे वाद्य मला यातच भेटलं. पियानोसारख्या पट्ट्या, पण आत तारांऐवजी ट्यूनिंग फोर्क, त्यावर हातोड्या पडतात. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोत निघालेलं वाद्य. देवघरातली घंटी कापडात गुंडाळून वाजवावी तसा नाद, पटकन विरतो. त्याच्या खाली पेटीचा सलग सूर आला की मजा येते. एकाला टिकता येत नाही, दुसरीला थांबता येत नाही.

आवडलं नाही ते 'माय माउथ एन्ट नो बायबल'. त्यात तो गात नाही, बोलत सुटतो, आणि ते स्कॉटिश इंग्रजी माझ्या बँकेतल्या इंग्रजीला झेपत नाही. मुलगी म्हणते तेच सगळ्यात भारी आहे. असेल.

हाच माणूस दिल्लीच्या सुहेल युसुफ खानांच्या सारंगीबरोबरही गायलाय, 2016 च्या 'एव्हरीथिंग सेक्रेड' या अल्बममध्ये. सुहेल हे सारंगीवादक उस्ताद साबरी खानांचे नातू. आपल्या कानांना आधी ते ऐका, मग इकडे या. मी उलटा गेलो आणि पहिला दिवस फुकट घालवला.

एका रविवारी हौसेने पायपेटी उघडली, म्हटलं सोबत वाजवू. सूर जुळेना. वडिलांची पेटी जुन्या ट्यूनिंगची, अख्खी थोडी चढी. आमच्या पेटीच्या 'काळी दोन' या पट्टीच्या जरा खाली त्याचा सूर, आणि दोन्ही एकत्र धरले की कानात डासासारखं घुमतं. पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना फोन लावला. ते म्हणाले, उतरवता येईल, प्रत्येक सूर मुळाशी घासावा लागेल, चार दिवस जातील. मग विचारलं, कशासाठी? मी सांगितलं.

"अहो, एका गोऱ्यासाठी वडिलांची पेटी घासताय? त्याला सांगा ना चढवायला."

मोबाईलमध्ये सूर चढवायचं ॲप असतं, असं मुलगी म्हणाली. ते टाकून घेतलं.