नऊ पंक्चर, एक शिळा टायर आणि माझे 6,150 रुपये

पेडण्याहून आईला घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) निघालो होतो. ओपीडीची वेळ गाठायची होती, त्यात पाऊस. म्हापसा मागे पडल्यावर एक मोटारसायकलवाला बाजूला आला आणि मागच्या चाकाकडे बोट दाखवून ओरडला, "भाऊ, हवा गेली, पुढेच पंक्चरवाला आहे." दोघे एकाच साखळीतले, हे आज कळतंय.

टायर बसल्यासारखा वाटला. खरंच बसला होता का, देव जाणे, कारण दोन महिने मी हवाच मोजली नव्हती. माझ्या गाडीच्या टायरला 33 पीएसआय इतका हवेचा दाब लागतो, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर तसं स्टिकर आहे. सकाळी थंड टायरला गेज लावला असता तर त्याचं खोटं रस्त्यावरच उघडं पडलं असतं. गेज विकत घ्या, गाडीतच ठेवा.

चाक काढून पंक्चरवाल्याने शेडमागे नेलं. मी सोबत गेलो, पण आईने हाक मारली म्हणून दोन मिनिटं वळलो. परत येतो तर साबणाच्या पाण्यात चार ठिकाणी बुडबुडे. मग माझ्या डोळ्यांदेखत आणखी पाच. आधी त्याचा हात फिरायचा, मग नेमका तिथेच बुडबुडा यायचा. मुठीत टोच्या होता. मी तो पाहिला! वाटलं, भोकात रबराची स्ट्रिप घालायला घेतला असेल. नऊ भोकं, आणि एकातही खिळा नाही, काच नाही. तिथेच त्याचा हात धरायला हवा होता. अजून रात्री तो हात डोळ्यांसमोर येतो.

नऊ स्ट्रिपा, प्रत्येकी 150, झाले 1,350. वर म्हणतो, "एवढ्या पंक्चरांवर आईला हायवेवरून नेणार?" मग 4,800 चा "नवा" टायर. स्टेपनी होती, पण तिच्यातही हवा नव्हती. महिन्याला चार चाकांची हवा बघाल तेव्हा पाचव्याचीही बघा. मला कोणी भोळा म्हणू नये. मागच्या सीटवर 74 वर्षांची आई कण्हत असताना कोण घासाघीस करेल? बिल दिलं नाही, आणि 11,000 किलोमीटरच चाललेला माझा टायर त्याने ठेवून घेतला. जुना टायर सोडून येऊ नका, पुरावा तोच असतो.

पुढच्या महिन्यात टायरांची अदलाबदल करायला गेलो (दर 10,000 किलोमीटरला करतो), तेव्हा मेकॅनिकने काळं पॉलिश पुसलं. कडेला बारीक भेगा, आणि टायरच्या कडेवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे 1418. म्हणजे 2018 सालच्या 14 व्या आठवड्यात बनलेला. पैसे देण्याआधी हे आकडे वाचा.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, "पैसे तुम्हीच दिलेत ना? बिल आणा." बिल देत नाही हीच तर तक्रार! यूपीआयची नोंद दाखवली, त्यावर तिसऱ्याच कुणाचं नाव. मग हद्द आमची नाही, दुसऱ्या ठाण्यात जा. तिथे साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला शिपाई मलाच विचारतो, "टायर फाटला नाही ना? मग कसली फसवणूक?" अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. परवा पर्वरीला जाताना पाहिलं, तेच शेड, तोच माणूस, आणि समोर पर्यटकांची भाड्याची गाडी जॅकवर चढवलेली.